चाळीस सकाळींचा साठा

आमच्या घरात आठवड्याचे सातही दिवस रविवारीच उगवायचे. असं म्हटलं की लोकांना कोडं वाटतं, म्हणून आधी तेच उलगडते. माझे यजमान कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कारकून होते. तीस वर्षं त्यांनी ट्रकच्या वजनाच्या पावत्या फाडल्या आणि निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत मला वेड लागायची पाळी आणली. कपाट उघडायचं, कपाट लावायचं, डाळींचे डबे उंचीप्रमाणे मांडायचे, मग म्हणायचं, आता काय करू? शेवटी पुण्याहून आलेल्या पुतण्याने त्यांच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, काका, तुम्ही बोलता छान, मिनिटभराचे व्हिडिओ करून टाकत जा. मी मनातल्या मनात त्याला आशीर्वाद दिला. चार दिवसांत तो फोन माझ्याच हातात आला, कारण व्हिडिओ करायचा म्हणजे समोर कोणीतरी फोन धरून उभं राहायला लागतं.

विषय ठरला बाजार. भाजी कशी निवडावी, मासळी ताजी कशी ओळखावी. गंमत अशी, की दोडका कुठला आणि घोसाळं कुठलं हे आमच्या ह्यांना लग्नानंतर मी शिकवलं होतं. माझं माहेर उरणचं, मोऱ्याच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. मासळीचे कल्ले बघून ती कधी जाळ्यात आली ते सांगणाऱ्या बायकांत मी वाढले. तर मी फोन धरून हळू आवाजात सांगायचे, कल्ले दाखवा, आता डोळा, आता बोटाने दाबा, आणि हे तसं तसं करून असे बोलायचे की जणू जन्म होडीवर गेलाय. शेवटी हात वर करून म्हणायचे, "उद्या भेटू, मंडळी." मी कधी दिसले नाही. एकदा पापलेट धरताना माझ्या बांगड्या दिसल्या, तर कोणीतरी खाली लिहिलं, काकूंनाही आणा की. ह्यांनी उत्तर दिलं, ती लाजते. त्या दिवशी मी त्यांना आळणी आमटी वाढली.

पुतण्याने नियम घालून दिले होते. पहिल्या तीन सेकंदांत माणसाला धरून ठेवायचं, वाक्यं तोकडी ठेवायची आणि रोज सकाळी सातच्या ठोक्याला व्हिडिओ गेलाच पाहिजे, म्हणजे लोक बाजाराला निघायच्या आधी बघतील. एक दिवस खंड पडला की अल्गोरिदम आपल्याला विसरतो. हे त्या अल्गोरिदमबद्दल असं बोलायचे, जसं घरात कुलदैवताबद्दल बोलतात. त्याला वांगी आवडत नाहीत, त्याला खेकडे चालतात, कालपासून त्याची नजर फिरली आहे. सुरुवातीला मी हसायचे. नंतर मीही विचारायला लागले, आज काय म्हणतोय?

रोज उठून बाजारात जाणं जमेना, म्हणून रविवारची पद्धत निघाली. सकाळी पनवेलच्या बाजारातून सहा-सात जिन्नस आणायचे. विचुंब्याच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत ऊन छान यायचं, तिथे टेबल मांडायचं आणि दोरीवर इस्त्री केलेले सात शर्ट टांगायचे. एक व्हिडिओ झाला की शर्ट बदलायचा आणि दिवसही बदलायचा. निळ्या चौकटीचा म्हणजे सोमवार, म्हणून भाजी. पिवळसर म्हणजे मंगळवार. भर रविवारी सकाळी साडेदहाला हा माणूस हसत हसत सांगायचा, "नमस्कार मंडळी, आज गुरुवार." समोरच्या इमारतीतल्या एका बाईने मला लिफ्टमध्ये अडवून विचारलं, तुमचे मिस्टर सारखे कपडे का बदलतात, तब्येत बरी आहे ना?

त्यात त्यांनी आणखी एक युक्ती शोधली. व्हिडिओत म्हणायचे, काल बऱ्याच जणांनी विचारलं, की नारळ हलवून का बघायचा? वास्तविक कोणीही विचारलेलं नसायचं, तो काल अजून यायचाच असायचा. पण व्हिडिओ गेला की खरंच लोक तेच विचारायला लागायचे. एकदा मी म्हटलं, अहो, तुम्ही लोकांच्या मनात प्रश्न घालता. ते म्हणाले, घालत नाही गं, मला आधी ऐकू येतात. थट्टाच होती, पण तेव्हा माझ्या अंगावर उगीच शहारा आला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करायची ठरली. डॉक्टरांनी सांगितलं, त्यानंतर महिनाभर बोलण्याचेही श्रम नकोत. ह्यांना ऑपरेशनची भीती वाटली नाही, महिन्याची वाटली. नऊ हजारांच्या वर माणसं जमली होती, दहा हजारांना थोडीच कमी. आता खंड पडला म्हणजे सगळं मुसळ केरात. मग आधीच्या दोन रविवारी बसून आम्ही चाळीस व्हिडिओ केले.

त्या दोन रविवारांबद्दल मला नीट लिहायचं आहे, कारण ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. प्रत्येक व्हिडिओनंतर ते स्टुलावर बसायचे आणि धापा टाकायचे. ओठ काळपट दिसायचे. मी टॉवेलने घाम पुसायचे, ते दुसरा शर्ट चढवायचे, उभे राहायचे, आणि फोन समोर धरला की जादू व्हावी तसे पुन्हा तजेलदार. पंचविसाव्या-सव्विसाव्याला त्यांचा हात थरथरत होता, कोलंबी खाली पडली. तेव्हा मी पुरे म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "कॉलर नीट करा." दहा हजारांचा मोह मलाही होता. हे खरं आहे आणि ते मला झोंबतं.

शुक्रवारी त्यांना भरती केलं, आणि त्याच दिवसापासून साठ्यातला पहिला व्हिडिओ सातला आपोआप जायला लागला. पुतण्याने ते सगळं लावून दिलं होतं. शनिवारी आणि रविवारी हे खाटेवर पडून स्वतःलाच बघत होते. सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी संध्याकाळी ते गेले.

मुलगी बंगळूरला असते. ती सकाळच्या विमानाने येणार होती, म्हणून त्यांना रात्रभर घरीच ठेवलं. बुधवारी सकाळी दिवाणखान्यात आम्ही सहा-सात जण बसलो होतो, उदबत्ती लावली होती. माझ्या पर्समध्ये त्यांचा फोन एकदा थरथरला. मला कळेना काय ते. मग भिंतीच्या पलीकडून, शेजारच्या घरातून, त्यांचा आवाज आला. "नमस्कार मंडळी, आज बुधवार."

ते माझ्यासमोर पांढऱ्या चादरीखाली होते आणि नाकात कापूस होता. भिंतीतून ते बोंबलाबद्दल बोलत होते. तोंडाकडे गुलाबी हवा, हातात धरला तर लिबलिबीत नको. माझ्या धाकट्या दिरांनी चादरीकडे बघितलं, तेच मीही केलं. शेवटी "उद्या भेटू" झालं आणि हे व्हिडिओ असे असतात की संपले की पुन्हा आपोआप सुरू होतात. "नमस्कार मंडळी, आज बुधवार." तेवढ्यात शेजारच्या सुनेच्या लक्षात आलं असावं. आवाज मध्येच तुटला. ती नंतर आली, माझ्या पायाशी बसून रडली, म्हणाली, काकू, मी रोज चहाबरोबर बघते, हात आपोआप गेला. माझा कान तोवर भिंतीलाच लागलेला होता, आणि तिने पुन्हा लावावा असं मला वाटत होतं.

ते व्हिडिओ तेव्हाच थांबवायचे की नाही यावर घरात बोलणं झालं. पुतण्या म्हणाला, काकांची मेहनत आहे, तेरावं होईपर्यंत राहू दे, मग बघू. मुलगी म्हणाली, लोकांना कळवायला हवं, पण लिहिणार कोण? तिने दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा फोन ठेवून दिला. मी तर ते वाक्य तोंडानेही उच्चारलं नव्हतं. येणारे जाणारे म्हणायचे, वाईट झालं, मी मान हलवायचे. ते गेले, हे दोन शब्द माझ्या तोंडून निघालेच नव्हते.

दहाव्याला गाढी नदीच्या काठी गेलो. हल्ली बायकाही जातात. पुतण्याने विधी केले, पिंड मांडले, आणि आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. पत्र्याच्या शेडवर कावळे भरपूर होते. एकही खाली उतरेना. मग सुरू झालं नेहमीचं. धाकटे दीर पुढे होऊन म्हणाले, दादा, वहिनींना एकटं पडू देणार नाही. कावळा ढिम्म. मुलगी म्हणाली, बाबा, मी आईकडे लक्ष देईन. नाही. कोणी त्यांच्या आवडीची भजी आणून ठेवली. नाही. पाऊण तास झाला, ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, दर्भाचा कावळा करू या. माझा जीव वैतागला होता. मी हे सगळं मानते की नाही हे मलाच माहीत नाही, पण तो माणूस जिवंतपणी कशात अडकला होता ते माझ्याइतकं तिथे कोणाला माहीत होतं? मी पुढे गेले आणि जरा तडकूनच म्हणाले, "तुमचं चॅनल मी बंद पडू देणार नाही. झालं?"

शेडवरून एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मग दुसरा उतरला, तिसरा उतरला. मागे सगळ्यांनी हात जोडले. दिरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटले, म्हणाले सगळे, सुटले. मला मात्र पायाखालची जमीन गार लागली.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. तो रविवार होता. सकाळी सातला किती तरी जणांचे फोन एकदमच वाजले असतील, पण बघितलं फक्त पुतण्याने, आणि तो उठून मोरीत गेला. मी त्याच्या मागून गेले, फोन हातातून घेतला. हे पांढऱ्या शर्टात होते. म्हणत होते, "काल बऱ्याच जणांनी विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना? ठणठणीत आहे, मंडळी. तुमच्या शुभेच्छा आहेत." दवाखान्याची बातमी कोणी फोडलीच तर असावा म्हणून त्यांनी तो व्हिडिओ करून ठेवला होता. तो करताना मीच समोर उभी होते. तरीही क्षणभर मला वाटलं, ह्यांना कळलंय बाहेर काय चाललंय.

पाहुणे गेले, मुलगी गेली. राहिलो मी, त्यांचा फोन आणि ते वचन. लोक खाली प्रश्न विचारत होते. काका, चिंबोऱ्या अवसेला भरलेल्या असतात हे खरं का? काका, पांढरा कांदा खरा कसा ओळखायचा? उत्तर दिलं नाही तर अल्गोरिदम नाराज होतो, हे मला पाठ होतं. मी उत्तरं द्यायला लागले, त्यांच्या नावाने, त्यांच्या पद्धतीने, शेवटी "मंडळी" लावून. ते सोपं होतं, कारण सगळी माहिती माझीच होती आणि बोलण्याची लकब पस्तीस वर्षं कानांवर पडलेली. उत्तर पाठवलं की खाली लाल बदाम उमटायचे. कोणी लिहायचं, काका, तुम्ही आहात म्हणून आमचा बाजार होतो. मी लिहायचे, आहेच की. आणि मग फोन उपडा ठेवून बराच वेळ हात धूत बसायचे.

मुलीने मला टिकली काढू दिली नव्हती, त्यामुळे माझ्या कपाळावरूनही कोणाला काही कळायला वाव नव्हता. सुतक फिटल्यावर भाजी आणायला म्हणून पनवेलच्या बाजारात गेले, तर मासळीच्या ओळीतून आमच्या नेहमीच्या मावशींनी हाक मारली. ह्यांचे निम्मे व्हिडिओ त्यांच्याच पाटीतल्या मासळीवर झालेले, त्यामुळे त्या स्वतःला चॅनलच्या भागीदार समजायच्या. म्हणाल्या, "काका नाय आले? सकाळी मोबाईलवर हायत, आन बाजारात नाय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. समोर कोणी नातेवाईक नव्हतं, आग्रह नव्हता, बाई मायेची होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "घरी आहेत." त्यांनी माझ्या पिशवीत वाटाभर कोलंबी टाकली, काकांना आमच्याकडून सांगा म्हणाल्या. घरी येऊन मी ती कोलंबी सोलली, कालवण केलं, दोन ताटं घेतली आणि मग एक परत फडताळात ठेवलं.

साठ्यातला चोविसावा की पंचविसावा व्हिडिओ अचानक सुटला. जिताडा मासळीचा होता. बघता बघता लाखाच्या वर गेला, आणि सकाळी मी भांडी घासत असताना दहा हजारांचा आकडा ओलांडला गेला. मी ओल्या हातांनीच आत वळून म्हणाले, "अहो, झाले हो दहा हजार." पंखा फिरत होता. मग मला जे कळलं ते मला खूप आधी कळायला हवं होतं. कावळा शिवला म्हणून सगळे म्हणाले सुटले. सुटले कुठे? रोज सकाळी सातला येत होते, शर्ट बदलून. मीच तर त्यांना धरून ठेवलं होतं, आणि तेही वचन देऊन. वचन मोडलं तर ते अडकणार, पाळलं तरी अडकणार. साठ्यात तेव्हा पंधरा-सोळा व्हिडिओ उरले होते. ते संपले की काय करायचं, ते मला सुचत नव्हतं, आणि रोज एक कमी होत होता.

तीन उरले तेव्हा, शनिवारी, मुलगी आली. दुपारी जेवणं झाल्यावर तिने जरा चाचरत सांगितलं, की तिने एक ॲप बघून ठेवलंय. बाबांचे एवढे व्हिडिओ आहेत, त्यावरून ते नवीन काहीही बोलू शकतात, आपण फक्त वाक्य लिहायचं. तिने माझ्या वचनाचा विचार केला होता, पोर माझी. तिने लिहिलं, नमस्कार मंडळी, आज आपण कोलंबी बघू. एक गोल फिरत राहिला. मग हे उमटले, निळ्या चौकटीच्या शर्टात, आणि तेच म्हणाले.

आवाज त्यांचाच, शंकाच नको. भुवया त्यांच्या. मुलगी रडायला लागली आणि हसायलाही लागली. मला म्हणाली, आई, तू लिही काहीतरी. मी फोन घेतला. मला वाटलं, हे एकदा बरं होईल, जे मला सांगता येत नाही ते ह्यांनीच सांगून टाकावं. मी लिहिलं आणि गोल फिरायला लागला. ते पुन्हा आले. टोमॅटो स्वस्त झाले हे सांगताना जसे हसायचे तसे हसले आणि म्हणाले, "मंडळी, मी महिन्याभरापूर्वी गेलो. आता वाट बघू नका." आणि हात वर केला.

व्हिडिओ संपला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. मंडळी, मी महिन्याभरापूर्वी गेलो. मुलगी उठून गॅलरीत गेली. मला तो बंद करता येईना, बोट कुठे ठेवायचं तेच सुचेना, आणि ते पाच-सहा वेळा तितक्याच आनंदाने गेले. शेवटी मी फोन उशीखाली दाबला. उशीखालूनही ते हसत सांगत होते.

मुलीने येऊन तो बंद केला. मग ती म्हणाली, "एक गोष्ट मात्र आहे. यात बाबा सरळ कॅमेऱ्यात बघतायत. खऱ्यांत कधी बघायचे नाहीत."

मी खरे व्हिडिओ काढून बघितले. एकामागून एक, तीस-चाळीस तरी. पुतण्या त्यांना नेहमी सांगायचा, काका, नजर लेन्सवर ठेवा, आणि ते हो म्हणायचे. पण नजर प्रत्येक व्हिडिओत लेन्सच्या जरा वर होती. मी फोन छातीशी धरायचे. जरा वर माझा चेहरा होता. हजारो माणसं ज्याला त्यांचं गोड बोलणं समजत होती, ते सगळं माझ्याकडे बघून बोललेलं होतं. इतके महिने समोर उभी असून मला ते दिसलं नव्हतं, कारण मी फोनच्या पडद्यात बघत होते. त्या दुपारी मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. मुलीने मला रडू दिलं.

रडून झाल्यावर डोकं जरा जागेवर आलं. वचन मी दिलं होतं, त्यांनी नव्हे. मग तोंड त्यांचं का पुढे करत होते? ते ॲप आम्ही काढून टाकलं.

रविवारी आणि सोमवारी त्या तिनांतले दोन गेले. मंगळवारी चाळिसावा गेला. शेवटच्यात काहीतरी असेल असं मला वेड्यासारखं वाटत होतं, शूटिंग मीच केलेलं असूनही. दुधी होता. नख टोचून बघा, सहज रुतलं तर कोवळा. उद्या भेटू, मंडळी.

बुधवारी पहाटे उठून अंघोळ केली, साधी सुती साडी नेसले. फोन धरायला कोणी नव्हतं, म्हणून ओट्यावर रव्याच्या डब्याला टेकवून ठेवला, बटण दाबलं आणि दोन पावलं मागे गेले. पहिल्या तीन सेकंदांत माणसाला धरायचं हे आठवत होतं, पण माझ्याने काही धरवलं नाही. मी म्हणाले, "नमस्कार. मी फोन धरायचे ती. तुमचे काका पाच आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, गेले. नंतरचे सगळे व्हिडिओ आधी केलेले होते आणि उत्तरं मी लिहिली. चुकलं माझं. उद्यापासून बाजार मी सांगेन, ज्यांना ऐकायचं त्यांनी ऐका." ते गेले, हे असं निघालं, साधं, भांडं ओट्यावर ठेवावं तसं. सातच्या ठोक्याला पाठवून दिला.

दुपारपर्यंत शेकडो माणसांनी लिहिलं होतं. काही रडत होती, काही रागावली होती, फसवलंत म्हणाली, आणि त्यांचं बरोबर होतं. मासळीवाल्या मावशींचाही फोन येऊन गेला. मी एकेक वाचत गेले. त्यात एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, "काकू, दुःखात सहभागी आहे. पण विचारू का? बोलताना तुमच्या समोर कोण उभं होतं?"

मी व्हिडिओ काढून बघितला. मी लेन्सकडे बघतच नव्हते. नजर फोनच्या वर होती, माझ्या स्वतःच्या डोक्याच्याही वर. पस्तीस वर्षं माझ्यापेक्षा वीतभर उंच माणसाशी बोलताना मान जेवढी उचलावी लागते, तेवढीच उचललेली. चुकलं माझं, म्हणताना मी थांबले होते, समोरून उत्तर यायला लागतो तेवढा वेळ, आणि मग मान हलवून पुढे बोलले होते. फोनच्या मागे फक्त फ्रीज आहे. मी जाऊन बघितलं.

बाईंना मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वांगी होती. रव्याच्या डब्याखाली गव्हाचा मोठा डबा ठेवला, त्याखाली पाट, आणि फोन त्यांचे डोळे जिथे असायचे तिथवर वर नेला. आता काकू नीट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, असं सगळे म्हणतात.